कशापेक्षा रे?

परुळेकरबाईंना 'व्हेरी' या शब्दाचं वावडं होतं. आचऱ्याच्या शाळेत त्या आम्हाला इंग्रजी शिकवायच्या. निबंधात कोणी 'व्हेरी लेझी डॉग' असं लिहिलं की वही परत ढकलत आणि विचारत, "कशापेक्षा रे?" मी एकदा चिडून लिहिलं, आमचा कुत्रा एसटी स्टँडवरच्या बंद घड्याळापेक्षाही आळशी आहे. बाई इतक्या हसल्या की शेजारच्या वर्गातले मास्तर डोकावून गेले.

पुढे गोव्यातली हॉटेलची नोकरी सोडून मी गावी आमच्या माडांत पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या. पहिला हंगाम कोरडा गेला. दुसराही तसाच गेला तर पुन्हा गोवा गाठायचा, हे आईने मी न सांगताच ओळखलं होतं. इंटरनेटवर टाकायची इंग्रजी जाहिरात लिहून मी बाईंकडे गेलो. समुद्र दोन मिनिटांवर, असं त्यात ठोकून दिलं होतं.

बाईंनी चष्मा पुसला. "दोन मिनिटां? माका अर्धो तास लागता."

"बाई, सगळेच थोडं वाढवून लिहितात."

"थोडा वाढवलास तर ती थाप. वाढवूचा तर इतक्या वाढय की वाचणारो हसतलो, पण फसाचो नाय. लिव, समुद्राकडचो रस्तो आमच्या इंग्रजीच्या बाईंच्या बडबडीपेक्षा लांब आसा."

इंग्रजी वाक्य मात्र त्यांनी मलाच घडवायला लावलं. मनात धाकधूक होतीच. रस्ता लांब आहे असं जाहिरातीत सांगणारा गावातला पहिला शहाणा मीच असणार.

दिवाळीच्या सुट्टीत पहिलं कुटुंब उतरलं. सामान ठेवण्याआधीच त्यांनी विचारलं, "त्या बाई कुठे राहतात?" मी बाईंना घेऊन आलो. समुद्र राहिला बाजूला, अंधार पडेपर्यंत मंडळी ओसरीवर त्यांना ऐकत बसली. पाहुण्यांनी पाहुणे धाडले आणि आमच्या घरात गोव्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

गेल्या वर्षी बाई गेल्या. फार वाईट वाटलं, असं लिहितानाही त्यांचा 'कशापेक्षा रे?' कानात येतो. जाहिरातीतलं वाक्य मी काढलेलं नाही. पाहुणे अजून त्यांची चौकशी करतात. मग मी त्यांना समुद्राकडे नेता नेता बाईंच्या गोष्टी सांगत जातो. रस्ता संपतो, बाई संपत नाहीत.