तीस पानांचा कॅट

मॅट्रिक झाल्यावर मला कॉलेजात गणितच घ्यायचे होते आणि वडिलांना ते पसंत नव्हते. मुलीने गणित घेऊन काय दिवे लावायचे, असा त्यांचा सवाल. स्वातंत्र्य मिळून चार-सहा वर्षे झाली होती, पण ते आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत अजून यायचे होते. मी हट्ट सोडेना, तेव्हा वडिलांनी तोड काढली. ठाण्याला नौपाड्यात त्यांच्या ओळखीचे एक निवृत्त प्रोफेसर राहत. ते म्हणतील तसे करायचे. प्रोफेसरांनी मला पर्म्युटेशन-कॉम्बिनेशनचे प्रकरण वाचायला दिले आणि पुढच्या रविवारी बोलावले. ते प्रकरण मी अक्षरशः घोटले.

रविवारी वडिलांच्या देखत प्रोफेसरांनी एकच प्रश्न घातला. "पत्त्यांच्या कॅटमधून तीन पानं उचलायची. किती निरनिराळे संच मिळतील?"

पहिले पान तीस तऱ्हांनी, दुसरे एकोणतीस, तिसरे अठ्ठावीस. गुणाकार केला. पाने हातात कशीही लावली तरी पाने तीच, म्हणून सहाने भागले.

"चार हजार साठ," मी ठणकावून सांगितले.

"चूक."

वडिलांनी लगेच टोपी चढवली. त्यांच्या चेहऱ्यावरचा सुटकेचा भाव पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"कुठे चुकलं ते सांगा," मी प्रोफेसरांना म्हणाले. "त्याशिवाय मी उठणार नाही."

त्यांनी कागद ओढला. "हे तीस कुठून आणलंस?"

"कॅटमध्ये तीसच पानं असतात."

"बावन्न असतात, मुली!"

मला खरेच ठाऊक नव्हते. दुसऱ्यांकडे पत्ते कुटायला जायची आम्हाला बंदी, आणि घरी फक्त पाच-तीन-दोन चाले. वडील, धाकटा भाऊ आणि मी, तिघांत. त्या खेळाला दुर्रीपासून छक्कीपर्यंतची पाने लागत नाहीत, सत्त्याही दोनच लागतात. बाकीची पाने वडिलांनी कधीच काढून टाकली होती.

"आमच्याकडे तीसच आहेत खरी," वडील पुटपुटले.

प्रोफेसर खोकला येईपर्यंत हसले. मला हसू आले नाही. मी बावन्न, एक्कावन्न, पन्नास मांडले आणि सहाने भागले. "बावीस हजार शंभर."

"बरोबर. आणि अहो, रीत मघाशीही बरोबरच होती. हिला गणितच घेऊ द्या."

"बघू," वडील म्हणाले.

आमच्या घरात बघू म्हणजे नाही. आईचे शिवणाचे मशीन, तिची माहेरची फेरी, सगळे त्या बघूत गेले होते.

"बघू नको, बाबा. हो म्हणा. इथेच म्हणा."

मी जागची हलले नाही. वडिलांनी प्रोफेसरांकडे पाहिले, मग माझ्याकडे. "हो," ते म्हणाले, आणि माझी वाट न पाहता स्टेशनकडे चालू लागले.

आईला मी स्वयंपाकघरात गाठून सांगितले. तिचा विश्वास बसेना. "हो म्हणाले?" तिने हळूच विचारले. "तोंडाने?"