नीलाकाकूंच्या चिंचगोळ्या

शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या नीलाकाकूंनी भूलतज्ज्ञ म्हणून उभा जन्म लोकांना झोपवण्यात घालवला. रिटायर झाल्यावर त्या माइंडफुलनेस शिकून आल्या आणि माणसं जागी करायच्या मागे लागल्या. ज्यांचं बाळ पोटातच गेलं अशी जोडपी रविवारी त्यांच्या बेसमेंटमध्ये जमतात. "पुढच्या वेळी सगळं नीट होईल" असं कुणी म्हटलं, की काकू त्याला सरळ वर पाठवतात, गुरुदत्तकाकांबरोबर चहाची भांडी घासायला. काकूंचंही एक बाळ असंच गेलं होतं. तेव्हा हे वाक्य त्यांनी इतक्या जणांकडून ऐकलं, की अजूनही त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

या हिवाळ्यात मिहीर आणि स्वानंदी आले. आल्या आल्या स्वानंदीने काकूंना बाजूला घेतलं.

"काकू, हा रडलाच नाही. बाळासाठी आणलेली क्रिब रिटर्न केली, इन्शुरन्सवाल्यांशी बोलला, सोमवारी ऑफिसला हजर. याला काही वाटलंच नसेल, तर मी याच्याबरोबर नाही राहू शकत."

काकूंनी वळून पाहिलं. मिहीर तिकडे खुर्च्या एका रेषेत लावत होता.

काकूंना माइंडफुलनेस शिकवणारी बाई एकेक बेदाणा सावकाश चावायला लावायची. काकूंना ते कधीच पटलं नाही. बेदाणा शिऱ्यात शोभतो, सुटा कोण खातं? म्हणून त्यांनी इंडियन स्टोअरमधून चिंचगोळ्या आणल्या होत्या.

"डोळे मिटा, सावकाश चघळा. मनात येईल ते येऊ दे."

स्वानंदीच्या हातावर गोळी ठेवली आणि मग कुठे काकूंच्या डोक्यात प्रकाश पडला. डोहाळे लागलेल्या बाईला आपण चिंच देतो, आणि ती आपण या पोरीच्या हातावर ठेवली. एवढी डॉक्टर झाले, पण अक्कल कुठे गहाण टाकली होती, असं त्यांना झालं. स्वानंदी गोळीकडे नुसती बघत राहिली.

मिहीरने मात्र आपली गोळी तोंडात टाकली. तोंड वेडंवाकडं केलं, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"तुझी चिंचगोळ्यांची बरणी मी फेकली नाही," तो म्हणाला. "कारमध्ये ठेवलीय. रोज ऑफिसच्या पार्किंगमध्ये एक खातो, मग आत जातो."

"तुला आंबट सहन होत नाही," स्वानंदी म्हणाली.

"नाहीच होत यार."

ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. "किती उरल्यात?"

"संपत आल्यात. हल्ली अर्धीच खातो."

स्वानंदीने हातावरची गोळी दाताने तोडली आणि अर्धी त्याच्या तोंडात घातली.