एका पाण्यावरचा माणूस

दादा गेल्याचा फोन मला आमच्या चुलतभावाने केला. तेव्हा माझं डोकं फिरलं, ते अजून जागेवर आलेलं नाही. "आक्का, सर गेले," तो म्हणाला. "चारीच्या कडंला बसल्याले दिसले. हाक मारली तर ओ न्हाई…" आणि त्याने हुंदका दिला. मी फोन ठेवला, केडगावहून मिळेल त्या गाडीने निघाले, आणि कोल्हार येईपर्यंत एकच प्रश्न चघळत राहिले. भर उन्हाळ्यात, टळटळीत दुपारी, हृदय कमजोर झालेला माझा थोरला भाऊ कालव्याच्या चारीवर कशाला बसला होता? उत्तर मला पाठ होतं. कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं होतं, त्या दिवशी पाण्याची पाळी दादाची होती, आणि पाणी आलेलं नव्हतं. आमच्या चारीचं पाणी आधी चुलतभावाच्या बांधाला लागतं आणि शेवटी दादाच्या रानात येतं. दादाची पाळी आली की चुलतभाऊ वरच्या अंगाला चारी फोडणार, पाणी आपल्या उसात वळवणार, आणि दादा खाली वाट बघत बसणार. वर्षानुवर्षं हेच चाललेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयविकार. असेल. कोर्टात टिकेल असं माझ्याकडे काही नाही, हे मला कळतं, कारण जन्मभर मी नगरच्या कोर्टात स्टेनो होते आणि भाऊबंदकीचे खटले टाइप करून माझी बोटं झिजली. म्हणून तर हे पेपरात लिहिते आहे. नाव छापत नाही. खाई त्याला खवखवे.

दादा गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचा. नवा शब्द आला की अर्थ सांगायच्या आधी विचारायचा, "याचं गाव कोणतं?" शब्द कुठून निघाला, वाटेत कुणाकडे मुक्कामाला राहिला, आपल्याकडे पोचला तेव्हा त्याचे कपडे कसे बदललेले होते, असं सगळं सांगायचा. मी त्याच्याच शाळेत होते, चुलतभाऊ माझ्या मागच्या वर्गात. 'रायव्हल' शब्द आला त्या दिवशी दादाने दोन्ही वर्ग उचलले आणि थेट चारीवर आणून उभे केले. "रिव्हर आणि रायव्हल भाऊ वाटतात, पण नाहीत," तो म्हणाला. रिव्हरचं मूळ लॅटिनमधल्या काठात आहे, रायव्हलचं ओढ्यात. 'रिव्हस' म्हणजे ओढा, पाट. त्याच पाटावर पाणी घेणारा दुसरा माणूस तो 'रिव्हालिस'. रोमन लोकांनासुद्धा पाटपाण्याच्या भांडणांसाठी कायदे करावे लागले, हे ऐकून पोरं खूश झाली होती. म्हणजे मुळात या शब्दात वैर नव्हतं, नुसता शेजार होता. मग वैर आलं कुठून, असं कुणीतरी विचारलं. दादा आम्हाला चारीच्या कडेकडेने वर चालवत घेऊन गेला. म्हणाला, "शब्द आपोआप नासत नाही. वरच्या अंगाचा माणूस हावरटपणा करतो, तेव्हा खालच्याच्या तोंडात तो कडू होतो." चुलतभाऊ तिथेच होता. त्याने हे ऐकलेलं आहे. मी त्याला ऐकताना पाहिलेलं आहे.

पुढे तोच वरच्या अंगाचा माणूस झाला. दादा गप्प बसला. मी चिडून म्हणायचे, अर्ज कर, चार माणसं जमव, निदान शिव्या तरी दे. तर हा म्हणायचा, "अगं, माझा विद्यार्थी आहे तो." मी म्हणायचे, मग शिकवलंस काय त्याला? यावर हसायचा. "डिराइव्ह शिकवलं. मूळ पाटातून पाणी काढून नेणं, हाच त्याचा पहिला अर्थ. पोराने नीट आत्मसात केलंय…" विनोद चांगला होता, पण त्या विनोदावर गुरांचा घास हिरवा राहत नाही. वहिनींचा घासाचा वाफा दर उन्हाळ्यात करपायचा. शेवटी वैरणीपायी त्यांनी दावणीची म्हैस विकली आणि ती टेम्पोत चढवताना तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. तेव्हाही दादा काही बोलला नाही. त्याच्या चांगुलपणाचा मला त्या दिवशी फार राग आला होता, आजही आहे.

आमच्याकडे दशक्रियेला प्रवचन संपलं की माइक फिरतो. सोसायटीचे, कारखान्याचे, पंचायतीचे, सगळे श्रद्धांजली वाहतात. प्रवरेच्या घाटावर चुलतभावाने माइक धरला आणि म्हणाला, "सरांनी आमाला येक शब्द शिकवला. रायव्हल. लोक म्हन्त्यात वैरी. सर म्हनायचे, न्हाई, येका पान्यावरचा भाऊ. सर आनि मी येका पान्यावरचे भाऊ हुतो…" एवढं बोलून त्याने डोळे पुसले. आणि लोकांनीही पुसले! मी खाली बायकांत बसले होते. पुढचं, वरच्या अंगाच्या हावरटाचं अर्धं वाक्य येईल म्हणून वाट बघत राहिले. ते आलं नाही, माइक पुढे गेला. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं मी कोर्टात खूप पाहिली, पण आपल्या घरच्या मढ्याच्या टाळूवरचं खाताना पहिल्यांदा पाहिलं. पाणी नेलं ते दादाने सोसलं. शब्दही नेला, तो मी सोडणार नव्हते.

तेराव्यानंतर तो चहाला आला. वहिनींना म्हणाला, "पोरं पुन्याला. आता रान कोन बघनार? मला द्या वाट्यानं." वहिनी दमलेल्या होत्या, हो म्हणायच्या बेतात होत्या. मी म्हटलं, दिलंय. दिलेलं नव्हतं. तो उठून गेल्यावर वहिनींना विचारून त्याच दुपारी दिलं, हौसाबाईला. हौसाबाईचं रान चारीच्या पलीकडे. चुलतभावाने तिचा रस्ता अडवला होता, तेव्हा तिने त्याला तहसीलपासून कोर्टापर्यंत ओढला आणि रस्ता मोकळा करून घेतला. तेव्हापासून ती समोरून आली की तो गाडी वळवतो. शेराला सव्वाशेर. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाई, पान्याचं मी बगते. तुमी निस्त्या सावलीला बसा."

पुढचं आवर्तन सुटलं, आमची पाळी आली. चुलतभाऊ जिथे चारी फोडतो, नेमकी तिथे हौसाबाई भाकरीचं फडकं सोडून बसली होती, शेजारी तिचे दोन्ही लेक. तो फावडं घेऊन आला, तिच्याकडे बघितलं आणि फावडं तसंच खांद्यावर घेऊन माझ्याकडे आला. "आक्का, घरचं पानी भायेरच्याच्या हातात दिलं. सर असं वागले नसते."

"नसतेच," मी म्हटलं. "म्हणून तर तू त्यांना पुरून उरलास." आणि मग घाटावर त्याने गिळलेलं अर्धं वाक्य मी त्याला तिथे ऐकवलं, हौसाबाईच्या लेकांना आणि आजूबाजूच्या बांधांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. त्याने खांद्यावरचं फावडं खाली टेकवलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मग पाणी आलं. आधी पालापाचोळा आला, मग मातकट धार, आणि हळूहळू घासाच्या करपलेल्या वाफ्यात पसरत गेलं. वहिनी घराच्या ओट्यावर पाठमोऱ्या बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांना बोलवायला निघाले तर लेकांना वरच बसवून पाण्यामागोमाग खाली आलेली हौसाबाई म्हणाली, "सर हितूनच हाक मारायचे त्यांना, पानी आलं की. आमच्या रानात ऐकू यायची. अलीकडं लई वर्सं आली न्हाई…"

मी मागे वळून बघितलं. चुलतभाऊ अजून बांधावर उभा होता. मी वाफ्यात पाय रोवले, आणि दादा मारायचा तशी, छाती भरून हाक मारली. "आलं गं… पाणी आलं."

वहिनींच्या हातातलं ताट खाली पडलं.