विरजण मागायला गेले

आमच्या गावी, वैशाखऱ्याच्या स्टॉपवर मला एसटीत बसवायला निम्मी आळी आली होती. ठाण्यात नोकरी लागली, एवढंच निमित्त. पगार किती, खोली कुणाची, लग्नाचं काय. गाडी येईपर्यंत बायांनी माझं डोकं खाल्लं. सुटले एकदाची, असं वाटलं. आई खिडकीखालून म्हणाली, “शेजार धरून ऱ्हा गो. अडीनडीला आमी काय उडून येनार नाय.”

शेजार नक्की कुठे धरायचा, ते विचारायचं राहिलं.

माझ्या मजल्यावर चार फ्लॅट, चारही दारं बंद. सोसायटीच्या ग्रुपवर रोज फुलांसकट गुड मॉर्निंग, आणि लिफ्टमध्ये तीच माणसं मोबाइलमध्ये तोंड खुपसून उभी. ऑफिस सुटलं की माझ्याशी बोलते ती फक्त लिफ्टमधली बाई, तीही एवढंच की दरवाजा बंद होत आहे.

बायांनो, आपल्याकडे घरात दही असलं तरी विरजण मागायला जातात. विरजण नावाला, तासभर ओटीवर बसून सासूच्या कागाळ्या होतात. तोच डाव मी इथे टाकला. वाटी घेऊन समोरच्या मीनलची बेल दाबली. माझ्याच वयाची, एकटीच राहते. “चमचाभर विरजण मिळेल?” म्हटलं. “थांबा हं,” म्हणून तिने दार लावलं. आता आत बोलावेल, मग बोलावेल, मी आपली बाहेर उभी. थोड्या वेळाने लिफ्टमधून डिलिव्हरीवाला आला आणि दह्याचं पाकीट हातात देऊन गेला. दार किलकिलं करून मीनल म्हणाली, “पैसे राहू द्या हं.”

तळपायाची आग मस्तकात गेली. भांडणार तरी कशी, तिने तर उपकारच केले होते. घरी येऊन ते पाकीट पुढ्यात ठेवून रडले.

पुढच्या रविवारी पुन्हा बेल दाबली. “काय हवंय?”

“काही नको. बोलायला माणूस हवंय,” मी जवळजवळ खेकसलेच.

ती गोंधळली. “माझा कॉल आहे आत्ता.”

“होऊ दे. मी बसते,” म्हणत चपला काढून मी आत गेले. तिने मागून दार लोटलं. मग म्हणाली, “इथे बेल वाजवतात ते पार्सलवालेच.” फोन वाजला. तिने कट केला आणि चहा ठेवला.

घर म्हणजे जिथे दार वाजवायला निमित्त लागत नाही. तिकडे अशी आळीभर दारं सोडून आले. इथे वैतागून वैतागून एक मिळवलंय.