भंवरीबाईंची पिलं आणि गयासभाईंची अदब

परतूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, गाद्या भरणाऱ्या गयासोद्दीननी शेजारच्या भंवरीबाईंची मांजराची तीन पिलं एक अख्खी रात्र उपाशी ठेवली. दुष्टाव्यानं नव्हे, निव्वळ अदब म्हणून.

गयासभाईंची अदब मोंढ्यात सगळ्यांना माहीत होती. त्यांच्या गादीच्या दुकानाची आणि भंवरीबाईंच्या बारदानाच्या दुकानाची भिंत एकच. नवरा सुरजमलशेठ गेल्यापासून बाई एकट्याच पोती, सुतळी आणि ताडपत्र्या विकत. बाई जैन; त्यांच्या पर्युषणात गयासभाईंच्या मागच्या खिडकीतून खिम्याचा वास बाहेर आला, असं कधी झालं नाही. ते दिवस ते स्वतः डाळीवर काढत आणि बायकोला, आसिफाला, म्हणत, "इतके दिवस आपण पण शेठ." ईदचा शीरखुर्मा बाईंसाठी वेगळ्या कोऱ्या पातेल्यात होई, आणि तोही दिवस बुडायच्या आत पोचता केला जाई. कारण बाईंचा चौविहार. सूर्य मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही, ते थेट सकाळी ऊन वर येईपर्यंत. संध्याकाळी बाईंनी ओट्यावर चूळ भरली की गल्लीत दिवे लागत. घड्याळाकडे कुणी बघत नसे.

बोलण्यात बाई भारी चिक्कू. गिऱ्हाइकानं विचारावं, "बाई, पोतं टिकंल का?" की बाई म्हणणार, "भरून बघा." मुलगा पुण्याहून फोनवर गळ घालायचा, "आई, तिथं एकटी करतेस काय?" बाई सांगायच्या, "दुकान." आणि फोन ठेवायच्या.

बारदानाला उंदरांची भीती, म्हणून दुकानात एक मांजर होती. ती उंदरांचं काय करते, याकडे बाई पाठ करून बसत. ती मांजर स्टेशन रोडला ट्रकखाली गेली आणि पोत्यांच्या थप्पीवर तीन पिलं मागं राहिली, नुकते डोळे उघडलेली. बाई त्यांना शेळीचं दूध कोमट करून ड्रॉपरनं पाजू लागल्या. गयासभाई हातातली सुई थांबवून बघत बसत. रोज चूळ भरायच्या आधी बाई पिलांना पाजत, ड्रॉपर धुऊन वाटीत उपडा घालत आणि शटर ओढून घेत. आता शटरच्या आत रात्री काय चालतं, हे परक्या माणसाला कसं कळावं?

त्यात बाईंना भाचीच्या लग्नासाठी एका रात्रीपुरतं जालन्याला जावं लागलं. टोपली आणि वाटी गयासभाईंच्या हाती देऊन त्या म्हणाल्या, "दूध फ्रिजात ठेवा. पिलांकडं बघा." बाईंच्या हिशेबात हे भाषणच झालं.

गयासभाईंनी बघितलं. टोपलीत दुकानातली सगळ्यात उंची, नुकती पिंजलेली रुई अंथरली. दिवस बुडायच्या आत पिलांना पाजलं, ड्रॉपर धुतला, वाटीत उपडा घातला. रात्री पिलं रडायला लागली, तेव्हा टोपलीवर हात ठेवून त्यांची समजूत काढली, "सबर करो बेटा. घर का उसूल है." पहाटे पहाटे रडणं थांबलं, तेव्हा त्यांना पिलांचं कौतुक वाटलं. शेवटी खानदानी घरातली पिलं.

सकाळच्या गाडीनं बाई आल्या आणि त्यांनी टोपलीत हात घातला. पिलं झोपली नव्हती, गार पडली होती. पिवळं पिलू तर मान धरेना. त्याचा एक डोळा चिकटला होता आणि शेपटीखाली सगळं पातळ झालं होतं. गयासभाईंनी घाईघाईनं ड्रॉपर दुधात बुडवला.

"थांबा," बाई म्हणाल्या आणि जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर बुद्धभूषण खेड्यावर शेळ्यांना लस टोचायला गेलेले. फोनवर त्यांच्यापेक्षा शेळ्याच जास्त बोलत होत्या. "मी दुपारी येतो, तवर घरी सांभाळा. आधी ऊब द्या. गार पिलाला दूध पाजलं तर पचत न्हाई. अंग गरम झालं की हिरड्यांना साखरपाण्याचं बोट लावा, मंग थोडं थोडं दूध. पालथं धरून पाजा, उताणं न्हाई. आणि माणसाचं औषध बिलकुल नको."

गयासभाईंनी नातवाची तापाच्या औषधाची बाटली गुपचूप खिशात परत घातली.

बाईंनी उंची रुई टोपलीतून काढून बाहेर टाकली. "तोंडात जाती," म्हणाल्या. शेठजींचं जुनं मऊ धोतर अंथरलं, बाटलीत गरम पाणी भरून ती फडक्यात गुंडाळली, स्वतःच्या गालाला लावून बघितली आणि पिलांच्या कडेला ठेवली. उकळून कोमट केलेल्या पाण्यात बोळा बुडवून चिकटलेला डोळा पुसला. तो बोळा टाकून दुसऱ्या डोळ्याला दुसरा घेतला. दोन पिलं ऊब धरून चुळबुळायला लागली. पिवळ्याचं काही खरं दिसेना.

"भाभी, मी काय म्हनून राह्यलो, रात्री..." गयासभाईंनी सुरुवात केली.

"बाटली गार झाली. बदला."

ते बाटली बदलून आले. ऊन ओट्यावर चढलं होतं. बाईंची पाणी घ्यायची वेळ होऊन गेली होती, आसिफानं तांब्याही आणून ठेवला होता, पण बाई पिवळ्याच्या हिरडीला साखरपाणी लावत बसल्या होत्या. बऱ्याच वेळानं पिवळ्यानं ते बोट चाटलं. मग बाईंनी तांब्या उचलला. बाईंनी रागावून चार शब्द ऐकवले असते तर गयासभाईंना सोपं गेलं असतं.

दुपारी दोघं रिक्षानं दवाखान्यात गेले. टोपली बाईंच्या मांडीवर, आणि डॉक्टरांना दाखवायचा पातळ शीचा नमुना पिशवीत घालून गयासभाईंच्या हातात. रस्त्यात दोघातिघांनी सलाम केला. पिशवी खाली ठेवायला जागा नव्हती, म्हणून गयासभाईंनी नुसती मान हलवली.

डॉक्टरांनी पिवळ्याला उलटंपालटं करून तपासलं, पिशवीतला नमुना बघितला, औषध काढलं. "जगंल हे. पोट सुधरंल दोन दिवसांत. पण इतकं गार पडलं कसं? रात्री काय पाजलं?"

भंवरीबाई टोपलीतलं धोतर सारखं करू लागल्या. आता बोलणं गयासभाईंनाच भाग होतं.

"काहीच न्हाई, डॉक्टरसाब. भाभींच्या घरात दिवस बुडल्यावर पान्याचा थेंब चालत न्हाई. इतक्या वर्षांत मी तो नियम मोडू दिला न्हाई. पिलं त्यांच्या घरची. माझ्या हातानं त्यांचा धरम कसा बाटवू?"

डॉक्टर औषधाची बाटली हातात धरून बाईंकडं बघत राहिले. बाईंनी पिवळ्याला धोतरात गुंडाळलं, टोपलीत नीट ठेवलं आणि वर बघितलं.

"गयासभाई, तुमच्यात दूधपिती लेकरं रोजा धरत्यात का?"