न कळवता कुरितिबाला

सांगलीत आमच्याकडे मावशीच्या घरी जायचं तर कळवून कोण जातं? दार ढकलायचं, पानावर बसायचं. वीस वर्षं जर्मनीत, कार्ल्सरूहेत काढली तरी माझी ही खोड काही गेली नाही. इथं शेजाऱ्याकडे चहाला जायचं तरी आधी टेर्मीन, म्हणजे वेळ ठरवून घ्यावी लागते. आणि माझी लेक इथलीच, इथंच वाढलेली.

गेल्या वर्षी ती सहा महिने शिकायला ब्राझीलला गेली, कुरितिबा नावाच्या शहरात. बायको सासूबाईंच्या आजारपणामुळे पुण्याला, घरात मी एकटा भुतासारखा. लेकीचा फोन आठवड्यातून पाच मिनिटं. मी मराठीत विचारायचं, तिनं जर्मनमध्ये उत्तर द्यायचं. तिची शाळा संपल्यापासून आम्ही बापलेकीनं धड एक दिवस एकत्र घालवला नव्हता. तो एक दिवस मला हवा होता, बास. रजा शिल्लक होती, तिकीट काढून टाकलं.

"अहो, आधी कळवा तिला," बायको फोनवर म्हणाली.

"पोटच्या पोरीकडे जायला कळवायचं? काहीतरीच!"

कुरितिबाला उतरल्या उतरल्या लेकीला फोन लावला. मागे समुद्राचा आवाज. मैत्रिणींबरोबर एका बेटावर गेली होती, रविवारपर्यंत. माझं परतीचं विमान शनिवारी.

"काही काम होतं का?" तिनं जर्मनमध्ये विचारलं.

"छे गं, सहज केला."

खरं सांगितलं असतं तर आली असती ती. पण तोंड पाडून आली असती तर? ते बघायची माझी छाती झाली नाही. भ्यालो, सरळ सांगतो. बायकोला तेवढं कळवलं आणि लेकीला सांगू नकोस म्हटलं. बायकोनं नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग काय, चार दिवस मी टुरिस्ट. शहर एवढं मोठं, पण जिकडे बघावं तिकडे झाडी. उलट्या झालेल्या छत्रीसारखी उंच झाडं, बागेमागून बाग. एका तळ्याकाठी डुकराएवढाले उंदीर निवांत चरत होते, कपिबारा म्हणतात त्यांना. एका बागेचं नाव तर चक्क जर्मन जंगल! म्हटलं, वा रे पठ्ठ्या, अर्धी पृथ्वी ओलांडून हेच बघायला आलास. हे मोठ्यानं बोललो आणि हसायला शेजारी कोणी नव्हतं. एका म्हाताऱ्या जोडप्यानं माझा फोटो काढून दिला. तो लेकीला पाठवायची सोय नव्हती, म्हणून पुसून टाकला. जेवताना वेटर दोन माणसांचं टेबल दाखवायचा, तेव्हा फार वाईट वाटायचं.

परत आल्यावर दोन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, तिचा व्हिडिओ कॉल आला. तळ्याकाठी उभी होती.

"बाबा, बघ ना, केवढे मोठे उंदीर!" चक्क मराठीत.

"अरे बापरे! खरंच की," मी म्हणालो.

"तू ये ना इकडे. मी सगळं दाखवते तुला. एअरपोर्टवर घ्यायला येईन, एकटा फिरू नकोस हं. चुकशील."

"नाही गं बाई," मी म्हणालो. "एकट्याला नाही जमायचं मला."