उणे तीन मडकी

नंदे, कागदातून का होईना, अशी जवळ बस. दोन दिवाळ्या झाल्या, फिरकली न्हाईस. फिजिक्स शिकलेल्या पोरींना आईचं घर सापडत न्हाई काय?

तुझ्या काकाबद्दल सांगायचंय. खरं बोलून स्वतःचं इतकं वाटोळं केलेला माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा न्हाई. भाऊजींचा विषय पितळ. भांडी न्हाईत गं. पितळेत तांब्याचे अन् जस्ताचे अणू कसेही मिसळलेले, त्यांच्यातून इलेक्ट्रॉन कशी वाट काढतात, त्याचं गणित. एकेक अणू धरणं कुणाच्या बापाला जमत न्हाई, म्हणून सगळीकडं एक सरासरी अणू मानायचा. अट एवढीच, की कुठल्याही वाटेनं गेलं तरी उत्तर जुळायला पाहिजे. ही अट कागदावर राहिली असती तर त्यांचा संसार झाला असता. ते ती माणसांना लावायचे. जुन्या जालन्यात कापड दुसऱ्या टोकाकडून परत मोजायला लावायचे. त्यांना बघून दुकानदार शटर ओढायचा. पोरगी बघायला गेलो, तर सगळ्यांची वयं विचारून भर बैठकीत म्हणाले, "म्हणजे थोरला झाला तेव्हा आई नऊ वर्षांची होती." पोहे तसेच टाकून उठलो.

आठ वर्षं प्रबंध लिहिला. द्यायच्या आठवड्यात चुलीपाशी येऊन बसले.

"वहिनी, उतरंडीत उणे तीन मडकी बसतील?"

"काहीतरीच! बसतील कशी?"

"माझ्या सूत्रात बसून राह्यलीत. एका कोपऱ्यात इलेक्ट्रॉनच्या जागा शून्याच्या खाली जातात."

त्यांचे सर म्हणाले होते, तिकडं कोण बघतंय, आलेख तिथं कापा. अन् मीही भाकरी थापता थापता म्हणाले, "कापा की भाऊजी, पदवी तर पदरात पडंल."

त्यांनी ताट सारलं. प्रबंध मागं घेतला. त्यांच्यासोबत प्रबंध लिहिणाऱ्यानं आपला आलेख कापला. तो विभागप्रमुख झाला, सत्काराच्या पत्रिका धाडतो. आपले भाऊजी टेंभुर्णीत नववीला आरसे शिकवत निवृत्त झाले. त्या दिवसापासून माझ्यापाशी गणिताचा शब्द न्हाई. चहा बरा झाला म्हणायचे, बस.

परवा मात्र वही घेऊन आले. "नंदी कधी येणार? त्या कोपऱ्यातलं उणं गेलं वाटतंय. दुसऱ्या कुणीतरी तपासायला पाहिजे."

"बराबरच असंल हो," मी म्हटलं.

"तुम्ही न्हाई वहिनी," हसून म्हणाले. "तुम्ही कापायला सांगता."

ये बाई. गोड बोलायला न्हाई. जुळत नसंल तर तोंडावर सांग, त्यांना तेच पाहिजे. फक्त लवकर ये. स्वतःचंच अक्षर आता त्यांना नीट दिसत न्हाई.